टाकीवरून दिसणारं तळं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि नगररचना कार्यालयात नकाशावाल्या बाई. इतकी वर्षं तिने सपाट नकाशे काढले होते. टेकडी म्हणजे तिच्या लेखी एकात एक बसवलेल्या वेड्यावाकड्या रेषा. पन्नाशी जवळ आली तेव्हा साहेबांनी तिला त्रिमितीय नकाशांच्या वर्गाला धाडलं. ती कुरकुरतच गेली.

सुरुवातीला तिची पार भंबेरी उडाली. उंचीच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं आणि गावामागची टेकडी स्क्रीनवर सुळक्यासारखी आभाळात घुसली. मग एकदा सगळ्या इमारती वटवाघळांसारख्या जमिनीखाली लटकल्या. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की, त्यांनी स्वतः एकदा नदी डोंगरावर चढवली होती. त्यावर धाकटीला हसू फुटलं आणि तिथून हात मोकळा झाला. उंचीच्या रेषांवर जमिनीचं कापड ताणायचं, घरांचे चौकोन मजल्यांइतके वर ओढायचे, सूर्य हवा तिकडे फिरवायचा. जेवताना ती दुसरं काही बोलेना. आता भाजीसुद्धा त्रिमितीय होणार वाटतं, असं नवरा म्हणाला.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने आपला एक प्रश्न घेऊन तो नकाशावर सोडवायचा होता. धाकटीला प्रश्न शोधायला लांब जावं लागलं नाही. नवरा आणि मोठे दीर लहानपणी ज्या घरात राहत, त्याच्या गच्चीवरून तळं दिसायचं की नाही, यावर दोघांचं कधीच जमलं नव्हतं. दीर शपथेवर सांगत की दिसायचं, संध्याकाळी चकाकायचं. नवरा म्हणे, दादाच्या थापा. गच्चीवर मीही खेळलोय, मला कधी दिसलं नाही. ते घर केव्हाच पाडलं होतं. वाद मात्र चेष्टेत सुरू होऊन कुणीतरी रुसेपर्यंत चालायचा.

तिने कार्यालयातला त्या काळचा नकाशा काढला, जुनी घरं उभी केली, नंतरच्या इमारती पुसून टाकल्या आणि गच्चीवर एक ठिपका ठेवला. प्रोग्रामने बघणाऱ्याची उंची विचारली. तिने शाळकरी मुलाची भरली. दिसेल तो भाग हिरवा होणार होता, दिसणार नाही तो करडा. तळं करडं आलं. समोरच्या शाळेचं छप्पर आड येत होतं. मोठ्या माणसाची उंची भरली, तरी करडंच. म्हणजे नवऱ्याचं खरं. पण दिरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ती खट्टू झाली.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ते गच्चीवर नेमके कुठे उभे राहायचे, हे विचारलंत का?"

ते तिला सुचलंच नव्हतं.

रविवारी दीर आले तेव्हा तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून विचारलं.

"उभा कुठला राहतोय," दीर म्हणाले. "पाण्याच्या टाकीवर बसायचो. आई खालून ओरडत असायची."

टाकीवर चढायची नवऱ्याला सक्त मनाई होती, आणि शिडीच्या पहिल्या पायरीला त्याचा पाय पोचायचाही नाही. तो पुरेसा उंच होण्याआधीच घर सुटलं होतं.

धाकटीने ठिपका टाकीवर नेला. तळ्याच्या पलीकडच्या काठाशी एक हिरवी पट्टी उमटली. मग तिने तिथूनच बघतोय असं चित्र लावलं: शाळेचं छप्पर आणि त्याच्या वर बोटभर पाणी.

"एवढंच होतं होय," दीर हळूच म्हणाले. "मला केवढं तरी वाटायचं."

"दादा, मला का नाही नेलंस वर?"

"पडला असतास. आणि मार मी खाल्ला असता."

नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली आणि सूर्य संध्याकाळचा करता येईल का, असं तिला विचारलं. तिने केला. पट्टी उजळली. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून बघत राहिले. धाकटी मागे उभी राहून त्या दोघांना बघत होती.

वर्गात बाईंना तिचं काम आवडलं. साहेबांनी टेकडीवरच्या नव्या वस्तीचा नकाशा तिच्याकडे सोपवला आणि तो तिने न कुरकुरता घेतला. भाऊ हल्ली शाळेचं फाटक कुठल्या बाजूला होतं यावरून भांडतात. तेही शोधून देईन, पण सवडीने, असं तिने दोघांना सांगून ठेवलं आहे.