लक्ष्म्यांची चादर

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका जुन्या चादरीचं टोक घट्ट धरून उभे आहात आणि दुसरं टोक नऊ वर्षांच्या इराच्या हातात आहे. चादरीमागे तिची आजी, चारुलताबाई, महालक्ष्म्यांना साडी नेसवते आहे. लक्ष्म्यांची धडं लोखंडी, तरी साडी नेसवताना कोणी पाहायचं नाही, अशी या घराची रीत. देऊळगाव राजातल्या या घरात बावीस वर्षं हे काम चारुलताबाईंचंच. एरवी त्या शाळेच्या ऑफिसात कारकून.

ज्येष्ठा नेसून झाली होती. कनिष्ठेच्या निऱ्या बसल्या होत्या, पदर राहिला होता. चादरीपलीकडे दिवाणखान्यात थोरले दीर उत्तमराव चहा पीत होते. भिंतीवरच्या टीव्हीवर लक्ष्मीची गाणी लागली होती. ती चारुलताबाईंच्या मुलाने, आल्हादने, आईच्याच फोनवरून लावली होती.

"आजी, सकाळी तुझ्या फोननं विचारलं, ह्या कोण म्हणून. मुखवट्यांभोवती गोल काढला अन् म्हणे नाव द्या," इरा म्हणाली.

"सांगायचं होतं त्याले, माहेरवाशिणी आल्या म्हणून," थोरल्या जाऊबाई सुभद्राबाई म्हणाल्या. "अन् वरून म्हणायचं, तू लई चोंबडा आहेस!"

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. तेवढ्यात गाणी संपली आणि टीव्हीवर आपोआप त्याच फोनमधले फोटो सुरू झाले. मागल्या वर्षीची आरास आली. इराचा वाढदिवस आला. मग पडदाभर एक उघडा खांदा आला. खांद्याखाली एका बाजूला सपाट झालेली जागा आणि तिच्यावर टाक्यांची तिरपी ओळ. वर चारुलताबाईंचा चेहरा. फोटोच्या कडेने गुलाबी फुलं होती, बासरी वाजत होती आणि खाली लिहिलं होतं, 'तुमचे सुंदर क्षण'.

आणि तो फोटो हळूहळू मोठा होत होता. टाक्यांच्या जवळ, अजून जवळ.

उत्तमरावांच्या हातातली बशी कलंडली. आल्हाद रिमोट शोधत उशा उलथ्या करू लागला.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर वेळी यायला नको, टाक्यांचा फोटो पाठवत जा. न्हाणीघराची कडी लावून चारुलताबाईंनी तो काढला होता. छातीच्या ऑपरेशनचं घरात फक्त मुलगा आणि सून यांना माहीत. बाकीच्यांना थायरॉइड सांगितलं होतं, कारण सासूबाईंचा दंडक होता, लक्ष्म्यांना अव्यंग बाईचेच हात लागायचे. हे एक काम सुटू नये, म्हणून तीन महिने त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं.

"चारू, हे कधी झालं?" सुभद्राबाईंनी विचारलं. "मले काऊन नाही सांगितलं?"

चादरीवरून टीव्हीकडे पाहणाऱ्या चारुलताबाईंनी हातातल्या टाचण्या खाली ठेवल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. कोणीतरी आपलं कपाट उघडावं, आतले कपडे एकेक हुंगून पाहावेत आणि वर अत्तर शिंपडून परत ठेवावेत, तसं त्यांना झालं होतं.

आल्हाद दाराशी आला. "आई, कोणी माणूस नाही पाहत गं. मशीन असते. चेहरा ओळखते अन् आपोआप निवडते."

"माणसानं पाह्यलं असतं तर मान तरी खाली घातली असती," आतून आवाज आला. "ह्यानं पाह्यलं, निरखून पाह्यलं, अन् वरून फुलं चिकटवली. शिसारी येते मले."

"पुसला मी तो."

"कुठून कुठून पुसशील? अन् त्याले पाहा म्हणून कोणी सांगितलं होतं?"

आल्हाद निघून गेला. इरा मात्र येऊन दारापुढे बसली, दाराकडे पाठ करून.

बाहेर कनिष्ठा अर्धीच नेसलेली होती. एका पाहुणीने पदराला हात घातला, तो दोनदा घसरला. मग सुभद्राबाई उठल्या आणि आतल्या दाराशी आल्या.

"सर गं इरा. बोलावू दे तिले. तो पदर तिच्याबिगर कोणाले जमत नाही."

"पण मोठी आजी, ते अव्यंग..."

"लोखंडाचं धड आहे त्या दोघींचं. त्यायले कसलं अव्यंग? सासूबाईले मी सांगीन वर गेल्यावर. सर."

त्यांनी दाराला हात लावला. इरा उठून मधे उभी राहिली.

"थांबा. आधी विचारते."

तिने दारावर हलकेच टकटक केलं. "आजी, मोठी आजी आली आहे. दार उघडू का?"

सुभद्राबाईंनी हात मागे घेतला. इराने पुन्हा टकटक केलं नाही. उत्तर येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.