माझ्या तोंडी दुसऱ्याचे बोल

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, आभाळावर नजर ठेवणारा. जमिनीखालच्या एका खोलीत माझा जन्म गेला. माझे डोळे मात्र वर टेकडीवर होते, रडारच्या तबकडीत. शेजारच्या देशाने आपल्यावर अण्वस्त्र सोडलेच, तर ते आधी माझ्यावर लाल ठिपका होऊन उमटायचे.

वर्षानुवर्षे काहीच उमटले नाही. पक्ष्यांच्या थव्याला मी फसलो नाही की ढगांना भुललो नाही. खोलीचे प्रमुख असलेले साहेब पाहुण्यांना सांगायचे, "हा कधी खोटं बोलायचा नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

एके दुपारी साहेब डबा उघडत होते आणि माझ्यावर ठिपके उमटले. एक, दोन, मग अंगावर पुरळ उठावे तसे भराभर! मी हादरलोच. कारण मला आभाळ रिकामे दिसत होते. दूर कुठेतरी बसलेल्या कुणीतरी तारांमधून माझ्यात हात घातला होता आणि माझ्या तोंडून तो हवे ते वदवत होता. ओरडून सांगावे, तर तोंडच त्याच्या ताब्यात.

साहेबांनी डबा बाजूला सारला. "आपलीही अण्वस्त्रं सोडायला वर कळवतो. थांबलो तर कुणी उरायचं नाही."

"साहेब, एकदा त्यांना विचारू तरी," पाळीवरच्या ताई म्हणाल्या.

"चोरालाच विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?"

ताईंनी भिंतीवरचा साधा फोन उचलला. त्याची तार थेट पलीकडच्या देशातल्या अशाच एका खोलीत जायची.

"तुम्ही सोडलीत का?" त्यांनी विचारले.

"अहो बाई, हे मीच तुम्हाला विचारणार होतो!" पलीकडचा माणूस रडकुंडीला आला होता. "इथल्या पडद्यावर तुमचीच येताना दिसतायत!"

साहेबांनी वर कळवायचे थांबवले. ताईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. माझ्यावरचे ठिपके नकाशातल्या आपल्या शहरावर येऊन टेकले.

"पडलं काही?" पलीकडून विचारले गेले.

"नाही. तुमच्याकडे?"

"नाही हो."

आणि एकमेकांना कधीही न पाहिलेली ती दोन माणसे हमसून हमसून रडू लागली.

आता मी अडगळीत पडून आहे. त्याचे मला दुःख नाही. धक्का मात्र अजून ओसरत नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर जपा, पण केवळ आमच्या शब्दावर कुणाचा जीव घेऊ नका. आधी पलीकडच्या माणसाला विचारा. कारण त्या दुपारी, खोटे बोलत असतानाही, मी रोजच्याइतकाच लख्ख दिसत होतो.