भिंतीवरून उतरलेली सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. इकडेतिकडे काय शोधताय? खाली बघा. ज्यांच्यावर तुम्ही ऐसपैस बसता आणि ज्यांना कधी नाव विचारत नाही, त्यांच्यातली मी. पण मंडपवाल्याच्या ढिगातली समजू नका. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत नाटक असो, जलसा असो, आमच्या खानदेशच्या देवीची, कानबाईची आरती असो, आधी मला अंथरतात. मग बाकीचं जग गोळा होतं.

माझा जन्म कचऱ्यातून झाला. त्यात लपवायचं काय? मागावर साडी विणताना दोन्ही कडांच्या बारीक पट्ट्या कापल्या जातात. कारखान्यात त्यांची पोती भरून पडलेली असतात. चंदूभाऊ तिथे लूम चालवायचे. मालकाला विचारून ते पोतं खांद्यावर घालून घरी आणायचे. त्यांची बायको अंजनाबाई आणि शेजारची सुंदरा, दोघींनी गल्लीत लाकडी चौकट उभी केली. उभे धागे सुताचे, आडव्या पट्ट्या साड्यांच्या. कोणाच्या तरी लग्नाचा शालू व्हायचा होता त्याची जरीची कड माझ्यात आहे, आणि रोज नेसायच्या स्वस्त साडीची फिकी कडही आहे. माझ्यात दोघी एकमेकींना खेटून बसल्यात. मध्ये निळा पट्टा आहे, तो अंजनाबाईंचा हट्ट. "आमचा रंग पायजेच," म्हणाल्या. सुंदरा म्हणाली, "मग मधोमध घाल, कडेला कशाला?"

मला विणलं ते हौसेपायी नाही, रागापायी. कानबाईच्या उत्सवात मंडळाचं नाटक असायचं. पुरुष पुढे मांडी ठोकून बसायचे आणि बाया मागे, कडेवर पोर घेऊन, टाचा उंच करून उभ्या. सुंदरा घरी आली तेव्हा तिचा नवरा दगा याने विचारलं, "कसं झालं नाटक?" ती म्हणाली, "मुकुट दिसला. राजा काही दिसला नाही."

या बाईने शाळा पाहिलेली नाही. अमळनेरहून सुरतेला आली, दुकानांच्या पाट्या बघून आधी गुजराती वाचायला शिकली, मग त्याच जोरावर मराठी. अशा बाईला मागे उभं राहा म्हणून सांगणार कोण?

पुढच्या वर्षी ती दुपारीच मंडपात गेली आणि रंगमंचाला चिकटवून तिने मला अंथरलं. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या. संध्याकाळी पुरुष आले आणि बघतच राहिले. आमच्या गल्लीत रिवाज आहे, कानबाईच्या मंडपात टेकलेल्या बाईला उठवायचं नाही. उठवलं तर कानबाई रुसते. झालं! मिशा असलेले सगळे मागे जाऊन बसले. तेव्हापासून पुढची जागा बायांची.

किती नाटकं पाहिली म्हणून सांगू! अहिराणी वग पाहिले, चौदा एप्रिलचे जलसे पाहिले. एकदा गुजराती नाटकवाले आले, निम्मं कळलं नाही तरी बाया पोट धरून हसल्या. नाटक मला खालून दिसत नाही, पण बसणाऱ्यांवरून कळतं. रडायला आलं की बायका पायाची बोटं माझ्यात रुतवतात. खलनायक आला की टाच आपटतात. आणि ज्याला काहीच कळत नाही तो माझ्यातली दशी उपटत बसतो. अशांनी माझी एक कड पार बोडकी केली आहे. पुरुषांचं सांगायचं तर ते नाटकाला येतात आणि मोबाईल बघतात. मोबाईल घरी बघायला काय झालं?

एके दिवशी अश्विनी नावाची मुलगी आली. नदीपलीकडे चित्रांचं एक दालन आहे, तिथे ती काम करायची. सुरतेच्या कापडावर प्रदर्शन मांडणार होती. तिने मला गुडघ्यावर बसून पाहिलं, हात फिरवला. चांगली मुलगी. "काकी, ही मी भिंतीवर लावू? खाली तुमचं नाव लिहीन." सुंदरा कधी लाजत नाही, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावला.

तर मी भिंतीवर चढले. गार हवा, पांढरा उजेड, खाली पाटी: सुंदरा आणि अंजनाबाई, लिंबायत. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला सुखावले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी पाय दिला नाही. लोक यायचे, मान तिरकी करायचे, हळू आवाजात बोलायचे. समोर दोरी होती, हात लावू नये अशी सूचना होती. पण दिवसच्या दिवस कोणी खळखळून हसलं नाही, कोणी टाच आपटली नाही. पायाची बोटं रुतवणारं माणूस मी शोधत राहिले. सापडलं नाही.

इकडे श्रावण लागला. गल्लीत काय चाललंय हे मला कळलं ते सुंदरा आणि अंजनाबाई दालनात आल्या तेव्हा. शुक्रवार होता. सोबत जयश्री होती. ही साड्यांना खडे चिकटवण्याचं काम करते, आणि या वर्षी कानबाईला बायांनी स्वतःच बसवलेल्या नाटकात सासूचं काम करणार होती. कथा सुंदराने रचलेली: जी सगळ्या घरासाठी कानबाईच्या नैवेद्याचा रोट भाजते आणि जिला मिरवणूक कधीच बघायला मिळत नाही अशा सुनेची.

"काकी, या ना! कशी दिसतेय तुमची सतरंजी?" अश्विनीने विचारलं.

सुंदरा पाटीपुढे उभी राहिली. बराच वेळ.

"वाचून झालं का नाव?" अंजनाबाई म्हणाल्या. "का पाठ करतेस?"

"थांब वं. छापलेलं नाव रोज रोज दिसतं का?" मग ती अश्विनीकडे वळली. "पोरी, तू हिला वर चढवलंस, उपकार झाले. आता खाली उतरव."

अश्विनी गोंधळली. "पण काकी, प्रदर्शन अजून आठवडाभर आहे. आणि मी तर सांगणार होते, दालनाला ही कायमची ठेवायची आहे. इथे ती टिकेल. तिकडे चहा सांडतो, लोक पाय पुसतात..."

"परवा कानबाई आहे," सुंदरा म्हणाली. "मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र, त्याने खुर्च्या मागवल्यात. पुढे पाहुण्यांना सोफा, मागे पुरुषांना खुर्च्या, आणि त्याच्या मागे आम्ही. मी भांडले तर म्हणतो, मावशी, सतरंजी तर तुम्हीच देऊन टाकली. जमाना बदलला."

"मी तर सांगून टाकलंय," जयश्री म्हणाली. "समोर आपल्या बाया दिसल्या तर बोलेन. मागच्या गणपतीत पोरांनी शिट्ट्या मारल्या तेव्हा स्टेजवर त्या स्वातीचं काय झालं? रडत विंगेत पळाली. मी नाही स्टेजवर जायची तसल्यांसमोर."

"हिच्याशिवाय नाटक नाही," सुंदरा म्हणाली, "आणि त्या सतरंजीशिवाय ही नाही."

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "खाली गेली तर फाटेल, काकी."

"फाटेल की! मग शिवू. तुझ्या भिंतीवर ही फाटायची नाही, पण इथे हिच्यावर बसणार कोण? तू?"

मला वाटलं ही मुलगी आता नियम सांगणार. तिने दोरी बाजूला केली आणि शिडी आणली.

रविवारी दुपारी आम्ही मंडपात पोचलो तर खुर्च्या लागून गेलेल्या. रंगमंच आणि सोफ्याच्या मध्ये हातभर जागा. सुंदराने मला तिथेच अंथरलं. निम्मी मी जमिनीवर, निम्मी सोफ्याच्या पायांवर चढलेली. बाया येऊन दाटीवाटीने बसू लागल्या. गुडघे रंगमंचाला, पाठी सोफ्याला.

दिवेलागणीला गजेंद्र आला. पांढरे बूट, गळ्यात रुमाल. "हे काय? पाहुणे पाय कुठे ठेवतील? उठा, उठा! मागे भरपूर जागा आहे."

एकही उठली नाही.

"मावशी, मी हात जोडतो."

"जोड ना," अंजनाबाई म्हणाल्या. "कानबाई तिकडे आहे. तिला जोड."

बाया हसल्या. गजेंद्रचं तोंड लाल झालं. "उठवायचं नाही तो रिवाज गावाकडचा! इथे सुरतेत कार्यक्रम असा होत नाही. दोन पोरं बोलवू का सतरंजी ओढायला?"

माझ्या अंगावरच्या बाया आणखी खेटून बसल्या. पडद्याच्या फटीतून जयश्री बघत होती. सुंदराने माझी कड मुठीत घट्ट धरली.

सोफ्यावर पाहुण्यांच्या मधोमध एक म्हातारी बसली होती. गजेंद्रची आई, पार्वती. अध्यक्षाची आई म्हणून मानाने बसवलेली, नवं लुगडं, हातात पाण्याची बाटली. ती उठली. वाटलं, घरी निघाली. तिने वाकून चपला काढल्या, सोफ्याखाली सारल्या आणि बायांच्या खांद्यांवर हात टेकत टेकत माझ्यावर, अगदी त्या निळ्या पट्ट्यावर, फतकल मारून बसली.

"आई! तू काय करतेस?"

"तठे हसाले बी लाज वाटस, भाऊ," ती म्हणाली. "ह्या बाया मघापासून हसी ऱ्हायन्यात आनि मी सोफावर बठेल, देवघरना देवनागत. आते मी नही उठाव. तुन्या खुर्च्या मांगे ले."

गजेंद्रने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आईला ओढायची हिंमत कोणत्या मुलाला होणार, आणि तीही कानबाईसमोर? तो वळला आणि पोरांवर ओरडला, "बघता काय? सोफा मागे घ्या!"

पाहुणे उठले, सोफा सरकला. खुर्च्या सरकल्या. मी सबंध पसरले. पडदा उघडला, आणि जयश्री सासूच्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवून बाहेर आली. पहिल्याच वाक्याला पार्वतीने अशी टाच आपटली की माझी वीण उसवली. त्या मारासाठी मी भिंतीवर तरसत होते.

सोफा ओढताना माझा एक कोपरा फाटला, तो सुंदराने शिवला. वाकडा शिवला. तिला सांगितलं तर ऐकत नाही. परवा कोणीतरी चहा सांडला, तोही डाग आहे. अश्विनी अधूनमधून येते, माझ्यावर मांडी घालून बसते आणि नाटक कळलं नाही तर शेजारणीला विचारते. दालनात आता माझा फोटो आहे म्हणे. असू दे.

एवढंच सांगते. आमच्याकडे नवीन नाटक बसतंय. या वेळी सासू अंजनाबाई आहेत, त्यामुळे शिव्या जरा जास्त आहेत. बाईमाणूस असाल तर थेट पुढे या, कोणाला विचारू नका. पुरुष असाल तर मागे खुर्च्या आहेत, मोबाईल बंद करून बसा. आणि माझ्यातली दशी उपटू नका, तुमच्यानंतर अजून पुष्कळ जणींना बसायचं आहे.