अर्ध्या सेंटची बचत

पंचवीस वर्षं माझी बायको मार्लिस मीच भरलेली काडतुसं उडवत आली होती. एका गुरुवारी तिनं ड्वेनची उडवली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

मिनेसोटाच्या आमच्या या टोकाला गुरुवारच्या पिस्तूल-स्पर्धेला येणारे बहुतेक जण काडतुसं घरीच भरतात. उडवून झालेल्या पितळी नळ्या वेचायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी दाबायची, आत मापानं बंदुकीची दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. दुकानातल्या तयार डब्याच्या निम्म्यात काम होतं. त्या वर्षी मार्लिसच्या मनगटाला संधिवातानं धरलं. माझ्या काडतुसांचा धक्का तिला सोसेना. हे तिनं मला सांगितलं नाही. ड्वेन हॉगनला सांगितलं.

ड्वेन शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. रुबार्बच्या आंबट देठांचा केक स्वतः करतो आणि चर्चमधल्या बायका त्याची कृती लिहून घेतात. काडतुसं भरायला त्याला मीच शिकवलं होतं, माझ्याच गॅरेजात, अकरा वर्षांपूर्वी.

"ही घे, माझी पन्नास वापरून बघ," त्यानं तिच्यापुढं डबा धरला. "मांजरानं हातावर पंजा ठेवावा, एवढाच धक्का."

मार्लिसनं सहा उडवली. पाच मधल्या काळ्या वर्तुळात. ती वळून हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

"ऑरिन, बघितलंस? हात जरासुद्धा दुखला नाही!"

"बघितलं," मी म्हणालो. "छान."

ड्वेननं आपण होऊन मला दारूचा डबाही दाखवला. "पौंडाचा भाव बघू नकोस रे. एका काडतुसाला किती लागते ते बघ. डबा महाग, पण चिमूटभरात काम होतं. सव्वादोन सेंट पडतात."

माझाच चेला मला हिशेब शिकवत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीच दारू विकत घेणं म्हणजे त्याच्यापुढं नाक घासणं. दुसऱ्या दिवशी मी व्हर्नाच्या बंदुकीच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"मला ड्वेनच्या दारूपेक्षा मऊ धक्क्याची हवी," मी म्हणालो, "आणि त्याच्यापेक्षा स्वस्त."

व्हर्नानं चष्म्यावरून बघितलं. "बायकोच्या हातासाठी, की ड्वेनचं नाक कापण्यासाठी?"

"डबे दाखव तू."

तिनं दोन डबे मांडले. एकातली दारू फुगीर, भुश्शासारखी. नळी अर्ध्याहून जास्त भरायची. चुकून दोनदा ओतली तर काठावरून सांडायची. पण ती जास्त लागायची, अडीच सेंटांपर्यंत जायची. दुसरी बारीक आणि जड. पावणेदोन सेंट.

"दुसरी दे," मी म्हणालो.

"ही तळाशी जाऊन बसते, ऑरिन. दोनदा पडली तरी नळीत मावते आणि पत्ता लागत नाही. हातात रिव्हॉल्वर फुटेल. अर्ध्या सेंटासाठी कशाला जीव टांगणीला लावतोस?"

"तीस वर्षं भरतोय मी."

"तीस वर्षं भरणारेच माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली आणि पैसे घेतले.

शनिवारी दुपारी मी काडतुसं भरायच्या यंत्रापाशी बसलो. दांडा एकदा ओढला की नळीत एक माप दारू पडते. शंभर भरायची होती. सत्तरच्या आसपास आलो असेन, तेवढ्यात ड्वेनची गाडी फाटकाशी थांबली. मार्लिस बाहेर गेली. खिडकीतून दोघं दिसत होती. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, ती हसत होती. मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून तिला दिला आणि तिनं तो एप्रनच्या खिशात ठेवला. माझा हात यंत्राच्या दांड्यावर होता. तो किती वेळा वर-खाली झाला, देव जाणे.

संध्याकाळी मी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

गुरुवारी मैदानावर ड्वेन पुन्हा डबा घेऊन हजर. मार्लिस म्हणाली, "नको रे, आज ऑरिननं माझ्यासाठी खास भरलीत." मला वाटलं, जिंकलो. तिनं माझी काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये घातली. ड्वेन बाजूला उभा राहून तिला काहीतरी म्हणाला, ती हसली, आणि तेच हसू मला खिडकीतून दिसलेलं आठवलं. त्याबरोबर दांडाही आठवला. तो मी एकदा ओढला होता की दोनदा?

तिनं रिव्हॉल्वर उचललं.

"थांब!" मी ओरडलो. "मार्लिस, खाली ठेव! उडवू नकोस!"

सगळी रांग वळून बघायला लागली. मार्लिसनं रिव्हॉल्वर हळूच खाली ठेवलं.

"काय झालं रे?" ड्वेननं विचारलं.

त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे जीभ रेटेना. "एखाद्यात दोनदा दारू पडली असेल. माझं लक्ष नव्हतं."

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "माझंही एकदा झालं होतं. सगळी फोडावी लागली." त्याचा तो समजूतदारपणा मला जास्त झोंबला.

घरी येऊन एकेक फोडायला घेतलं. पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचं, ठोकायचं, गोळी सुटली की दारू वजनकाट्यावर ओतायची. मार्लिस मोजत होती. एकाहत्तराव्याला काटा दुपटीवर गेला.

तिनं वाकून काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "हे मी उडवणार होते."

"हो."

"लक्ष कुठं होतं तुझं?"

"खिडकीत," मी म्हणालो. "तू आणि ड्वेन. आणि तो कागद."

ती उठली आणि कागद आणून माझ्यासमोर उलगडला. काडतूस कसं भरायचं त्याच्या पायऱ्या होत्या, ड्वेनच्या गिचमीड अक्षरात. खाली अधोरेखित: प्रत्येक नळीत डोकावून बघ.

"तुला किती वेळा म्हटलं, मला शिकव. दर वेळी म्हणालास, तू मध्ये येऊ नकोस, माझी मोजणी चुकते."

मी कागदाची घडी घातली. "पण मनगटाचं तरी मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू नवं यंत्र आणलं असतंस," ती म्हणाली. "माझं ऐकून घेतलं नसतंस."

डब्यात उरलेली दारू तिनं मागच्या हिरवळीवर विखरून टाकली. व्हर्नाकडे ती एकटी गेली आणि ती फुगीर, भुश्शासारखी दारू घेऊन आली. ड्वेनच्यापेक्षाही महाग पडणारी. मी पावती न वाचताच खिशात टाकली. आता ती यंत्रापाशी बसते, प्रत्येक नळीत बॅटरी मारून बघते, आणि मी शेजारी बसून टोप्या मोजून देतो.

पुढच्या गुरुवारी ड्वेननं मला गाठलं. "सापडलं का?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. "सापडलं. एकाहत्तरावं."

"बरं झालं ओरडलास," तो म्हणाला आणि मार्लिसकडे गेला. तिनं सहाच्या सहा गोळ्या काळ्यात मारल्या होत्या. त्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्याच्यापेक्षा जरा जोरात.