काठावरचे पाहुणे

मी एक जुने दंताळे आहे. मित्रांनो, त्या सकाळी काकांनी चहाचा कप विसळून पालथा घातला, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि परसातल्या खिळ्यावरून मला उतरवले. काकू आदल्या दिवशीच बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी परतणार होत्या. त्या येण्यापूर्वी बागेतले तळे लख्ख करायचे, असे काकांनी मनाशी ठरवले होते.

काका घड्याळजी. बारीक चाकांमधली धूळ टिपण्यात त्यांचे आयुष्य गेले. तळ्यात केसांसारखे माजलेले हिरवे शेवाळ त्यांच्या डोळ्यांत खुपत असे.

लोहाराने मला घडवले ते वाळका पाला ओढण्यासाठी. तळ्याच्या कामाला मला काकूंनी लावले. त्या माझ्या दातांवर थोडे शेवाळ गुंडाळून हलकेच ओढत आणि रात्रभर काठावर पसरून ठेवत. "आत पाहुणे असतात. त्यांना घरी जायला वेळ नको?" असे म्हणत. गोगलगायी, चतुरांच्या अळ्या सावकाश रांगत पाण्यात परतत. निम्मे शेवाळ काकू मुद्दाम राहू देत. मग माझे दात धुऊन म्हणत, "शहाणं आहे हो माझं दंताळं!" मी फुलून जाई.

त्या सकाळी मात्र काकांनी घड्याळ साफ करावे तसे तळे साफ केले. शेवटचा तंतूही ठेवला नाही. ओला ढीग लगेच पोत्यात कोंबला, सुतळीने तोंड आवळले आणि पोते फाटकाबाहेर उन्हात नेऊन ठेवले. माझ्या दातांत काहीतरी वळवळत होते. दंताळ्याला स्वतःहून थांबता येत नाही, हे खरे. पण त्याने माझ्या मनाचे समाधान होत नव्हते.

दुपारी काकू आल्या त्या थेट तळ्याशी.

"अहो, तळ्याला अंघोळ घातलीत की काय?"

"घातली. पाठसुद्धा चोळली!"

"काठावर ढीग नाही, म्हणजे कालच काढलंत वाटतं शेवाळ. पाहुणे परतले ना सगळे?"

काकांचे हसू मावळले. "हो... परतले."

"माझ्यासाठी एवढं केलंत!" असे म्हणत काकू आत गेल्या. त्या आनंदाने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

काका मला धुवायला बसले आणि थबकले. माझ्या दोन दातांमध्ये चतुराची एक अळी वाळून गेली होती. चिमट्याने त्यांनी ती तळहातावर घेतली. ते तसेच स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अगं, मी खोटं बोललो. आजच काढलं शेवाळ. सगळं. पोत्यात बांधून उन्हात ठेवलंय."

काकूंनी अळीकडे पाहिले, मग काकांकडे.

"बांधून?" एवढेच त्या म्हणाल्या आणि बादली उचलली.

मित्रांनो, तळे स्वच्छ जरूर करा. पण ओढून काढलेल्यात कुणाचा जीव आहे, हे पाहायला थोडे थांबा. त्या दिवशी सगळे पाहुणे वाचले नाहीत.

काकांनी पोते काठावर आणून सुतळी कापली. डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले आणि हिरव्या गुंत्यातून एकेक जीव वेचून ते काकूंच्या बादलीत सोडू लागले. सावल्या लांबल्या तेव्हा त्यांनी निम्मे शेवाळ दोन्ही हातांनी उचलले आणि आवाज न करता पाण्यात परत सोडले.