राजूरचा नारळ हॉलंडात

आधीच सांगते, हॉलंड बघायचा मला शौक नव्हता. मला माझा पोरगा बघायचा होता, अन् त्याच्याहून जास्त त्याचं लगीन बघायचं होतं.

मी केदारखेड्याची दुर्गाबाई. मालक रखमाजी, शेतकरी माणूस, गरज पडली तरच बोलणारे. त्यांच्या वाटणीचं मीच बोलून घेते. आमचा ऋषी हॉलंडात कंप्युटरच्या कंपनीत हाय. पोरीचा फोटो पाठवला की म्हणायचा, माय, बघू. जालन्याची इंजिनियर दाखवली, बघू. भोकरदनची डॉक्टरीण दाखवली, बघू. त्याच्यासंगच्या पोरांची लेकरं शाळेत जाऊन राह्यली अन् हा अजून बघूनच राह्यला. शेवटी मी राजूरच्या गणपतीला गेल्ते, पायाशी नारळ ठेवला अन् बोलले, देवा, हा नारळ आता माझ्या सुनेच्याच ओटीत पडंल. तोच नारळ बॅगेत घालून मी विमानात बसले. तिकडं उतरल्यावर सामान तपासणाऱ्या साहेबानं तो कानाशी धरून हलवला, मालकांकडं बघितलं अन् परत दिला.

ऋषीच्या घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बेसिनवर बाईमाणसाची केसांची पिन सापडली. मी ती होती तिथंच ठेवली. पण त्या दिवसापासून नारळ, खण, मूठभर तांदूळ अन् कुंकवाचा करंडा माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच राह्यला. भाजी आणायला गेले तरी पिशवी संगं. कधी, कुठं गाठ पडंल, काय सांगावं.

मंग एका दिवशी ऋषी म्हणाला, मला सुट्टी न्हाई, पण तुम्हा दोघांसाठी गाडी सांगितलीय. खास तुमचीच, दुसरं कुणी न्हाई. दिवसभर खेड्यापाड्यातून फिरून या. अन् जाता जाता म्हणाला, माय, संध्याकाळी आलीस की तुला एक गोष्ट सांगायचीय. मी मनात म्हणलं, बेटा, मला काय सांगतोस, पिन मी कवाच बघितलीय.

सकाळी गाडी दारात आली अन् तिच्यातून एक पोरगी उतरली. ऋषीहून उंच. केस मक्याच्या कणसाला असतात तसे. निळे डोळे, जीनची पँट, अन् आमच्याकडं बघून चक्क हात जोडून नमस्कार. नाव मारीके. माझ्या डोक्यात तवाच उजेड पडला.

आता तुम्ही म्हणाल, कशावरून. तर ऐका. आपल्याकडं पोरगी सहज दाखवायची असली की काय करतात? राजूरला नेतात. दर्शनाचं निमित्त, प्रसादाच्या दुकानापाशी दोन्ही घरची माणसं अचानक भेटतात, अरे वा तुम्ही बी आलात का म्हणतात, अन् पोरगी बघून घेतात. पसंत न्हाई पडली तर कुणाचा अपमान न्हाई, गणपती तर बघून झाला. माझी मोठी नणंद अशीच ठरली. अन् भाड्याची गाडी घेऊन, अनोळखी माणसांना दिवसभर फिरवाय तरणी पोरगी येते का कुठं? आमच्या भोकरदन तालुक्यात तर म्या बघितली न्हाई. मंग हे दुसरं काय असणार? तिकडं राजूर न्हाई म्हणून पोरानं गाडीचं निमित्त केलं.

मालकांना कोपरानं ढोसलं अन् कानात सांगितलं. मालक पोरीकडं बघून राह्यले होते. ती मागच्या सीटवरून लहान लेकराची खुर्ची सोडून डिक्कीत ठेवून राह्यली होती. मालकांनी तोंड उघडलं. मी म्हणलं, बहिणीचं लेकरू असंल, तुम्ही गप बसा. त्यांनी तोंड मिटलं.

गाडी गावाबाहेर निघाली अन् माझी पाहणी सुरू झाली. मुलूख कसा म्हणाल तर हिरवागार, सपाट, अन् पाणी रस्त्याच्या वर. खरंच सांगते, कालवा उंचावर अन् आपली गाडी खाली. नाव डोक्याच्या उंचीवरून चाललेली. मालकांचा जीव तिथंच अडकला. दर वळणावर गाडी थांबवायची अन् उतरून शेताच्या कडंला उभं राह्यचं. तिकडं दोन शेतांच्या मधी बांध न्हाई, पाण्याची नाली हाय. मालकांनी नालीकडं बराच येळ बघितलं अन् म्हणाले, इथं शेजाऱ्याला बांध कोरायची सोयच न्हाई. त्यांच्या चुलत्याचं अन् त्यांचं याच्यावरून आयुष्य गेलं, म्हणून त्यांना ती नाली देवासारखी वाटली.

मला नालीशी काय करायचं होतं? मी पोरीची चाल बघून राह्यले होते. नालीच्या कडंनं अशी ढांगा टाकत चालली की मला पळावं लागलं. पण मागं वळून बघायची, थांबायची, हात द्यायची. चाल पास.

तिच्या फोनात एक करामत होती. ती तिच्या भाषेत बोलायची अन् फोन मराठीत सांगायचा, बातम्या देतात तशा आवाजात. मी फोनापाशी तोंड नेलं अन् सरळ इचारलं, ऋषी कसा वाटतो. तिनं हसून अंगठा वर केला. मी इचारलं, सांभाळशील ना नीट? फोन म्हणाला, सांभाळणे हेच माझे काम आहे. इतकं सरळ उत्तर आपल्याकडच्या एका बी पोरीनं दिलं नसतं. मालकांना खोकला आला.

मंग एका गोठ्यावर नेलं, तिथं चीज करतात. आमच्या घराहून स्वच्छ गोठा. एका वासरानं मारीकेचा सगळा हात चाटला. तिनं हात पँटीला पुसला अन् पुन्हा त्याच्यापुढं केला, नाक मुरडणं न्हाई की काही न्हाई. ते बी पास. दुपारी एका पवनचक्कीपाशी बाकड्यावर बसलो. मी घरून दशम्या अन् ठेचा नेल्ता. पोरीनं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं अन् पुन्हा हात पुढं केला. आता नापास करायला माझ्यापाशी काही उरलं न्हाई.

अन् तिथंच माझा धीर सुटला. दिवसभर परीक्षा घेऊन राह्यले होते तोवर बरं होतं. पास झाली म्हणल्यावर सगळं अंगावर आलं. ही माझ्याशी बोलणार कशी, फोनात? हळदीकुंकवाला बायकांत बसवायची कशी? नातवंडं मला आजी म्हणतील का आणखी काही? शेजारची मालनबाई काय म्हणंल, भावकी काय म्हणंल, अन् लग्नात हिला आमच्या ठेंगण्या बायकांच्या रांगेत उभी केली तर फोटोत मुंडकं येईल का? मी पदर तोंडाला लावून रडले. चांगली रडले. मारीके घाबरली, गाडीतून पाणी आणलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. काय झालं ते इचारलं बी न्हाई, नुसती बसली.

तो हात पाठीवर होता तवा माझ्या मनात आलं, ऋषी या मुलखात एकटा राह्यतो. थंडी अशी की हाडं वाजतात, संध्याकाळी घरी जाऊन गार पाव खातो. त्याच्या पाठीवरून फिरणारा एक हात हाय, तर तो कुठल्या गावचा हाय हे मी काहून इचारू? भावकी काय त्याला ताप आल्यावर बघाय येणार हाय? जाऊ दे. मी डोळे पुसले अन् पिशवी उघडली.

तिला उभी केली, तिच्या जाकिटाची खालची कड ओंजळीगत धराय लावली. कपाळाला कुंकू लावलं, वारा असा की निम्मं माझ्याच नाकावर. खण, तांदूळ अन् राजूरचा नारळ तिच्या ओटीत घातला. पोरीला काय कळलं कोण जाणे, पण तिचे डोळे भरून आले. वाकून तिनं मला मिठी मारली. मालक पाठ फिरवून मेंढ्यांकडं बघून राह्यले होते अन् त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बापाचं काळीज हाय, रडून राह्यलंय.

संध्याकाळी घरी आलो. मारीके पिशव्या घेऊन वर आली, कपाळभर कुंकू, खांद्यावर खण, हातात नारळ. ऋषीनं दार उघडलं अन् त्याचा चेहरा पांढरा पडला. तिच्याशी इंग्रजीत काही बोलला, तिनं मोठ्या आनंदानं काही सांगितलं. मी म्हणलं, आता लपवू नको, मला पसंत हाय, नारळ देऊन मोकळी झाले.

ऋषी भिंतीला टेकला. माय, म्हणाला, ही डायव्हर हाय. तिला नवरा हाय. दोन पोरं हायेत. मी कंपनीला फोन करून गाडी सांगितली अन् कंपनीनं हिला पाठवलं.

मी चपला ठेवायच्या फळीवरच बसले. तवा ऋषीच्या मागून एक पोरगी पुढं आली. साधा पंजाबी ड्रेस, केसांना तीच बेसिनवरची पिन. पाया पडली अन् माझ्यासमोर उभी राह्यली. बोलली ठाम.

"काकू, मी भार्गवी. अंबडची. आधीच सांगते, माझं एकदा लग्न झालं होतं, आणि ते मोडलं. ऋषी म्हणतो हळूहळू सांगू. पण मला लपून तुमच्या घरात यायचं नाही."

माझा राग गावाला माहीत हाय. ऋषीनं डोळेच मिटून घेतले. मी बी माझ्यात राग शोधला बरं का, इमानदारीनं शोधला. पण सापडलाच न्हाई. सकाळपासून परका मुलूख गिळला, परकी भाषा गिळली, मालनबाई अन् सगळी भावकी गिळली, रडून बी झालं. अन् आता समोर कोण, तर अंबडची पोरगी. आपलं बोलणारी, आपलं खाणारी. एक लगीन मोडलं, तर मोडलं. माझ्यापाशी न्हाई म्हणायचा जोरच उरला नव्हता. उलट इतकं हलकं वाटलं की हसू येऊन राह्यलं.

पण भार्गवीची नजर माझ्यावर नव्हती, मारीकेच्या हातातल्या नारळावर होती. ऋषीनं मारीकेला नारळाचा अर्थ सांगितला तसं ती लाजून लाल झाली अन् दोन्ही हातांनी नारळ माझ्यापुढं धरला. आता भरलेली ओटी परत घेतात का कुठं? अन् दुसरा नारळ आणून द्यावा, तर देवापुढं बोलले ते याच नारळाचं. भार्गवी हळूच म्हणाली, राहू द्या काकू, माझी ओटी एकदा भरून झालेली आहे.

मी फळीवरून उठले अन् ऋषीला म्हणलं, "हिला सांग, ओटी लेकीची बी भरतात. आजपासून ही तुझी बहीण. अन् भावजयीला नारळ नणंदेनंच द्यायचा असतो. सांग जल्दी, तिची पोरं वाट बघत असतील."

ऋषीनं सांगितलं. मारीकेनं करंड्यात बोट घातलं अन् भार्गवीच्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं. मंग नारळ तिच्या ओढणीत ठेवला. भार्गवी रडली, मारीके रडली, ऋषी रडला. मालक चहा ठेवाय गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेले. म्हणलं, तुम्ही पवनचक्कीपाशी रडून राह्यलते ना? म्हणाले, हसून राह्यलो होतो. लेकराची खुर्ची बघितली तवाच त्यांना कळलं होतं की ही डायव्हर हाय. अन् भार्गवीचं ऋषीनं त्यांना संक्रांतीलाच सांगितलं होतं, माझ्यासमोर बोलाय दोघांची हिंमत न्हाई. मंग दिवसभर मला येड्यात काहून काढलं, असं मी दात-ओठ खाऊन इचारलं.

"तू गोरी सून गिळून राह्यली होतीस," मालक साखर घालत म्हणाले, "म्हणलं, पुरती गिळू द्यावी. मंग अंबडची सोपी जाईल."

लगीन मार्गशीर्षात राजूरला धरलंय. मारीके नवऱ्याला अन् दोन्ही पोरांना घेऊन येणार हाय, करवली म्हणून. मालनबाई काल दारात बसून हळूच इचारती झाली, दुर्गाबाई, सून कशी हाय, काही कमीजास्त तर न्हाई ना? मी म्हणलं, सुनेचं मंग सांगते, आधी माझी लेक बघ. अन् फोनातला फोटो दाखवला, कपाळभर कुंकू अन् हातात नारळ घेतलेली मारीके. मालनबाईनं तोंडाला हात लावला. कोणती लेक, कवा झाली, एवढी उंच काहून, गाडी हाकते म्हंजी काय, सगळं इचारून झालं. सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी ती दमून भिंतीला टेकली तवा मी सांगितलं की सून अंबडची हाय, तिचं पहिलं लगीन मोडलेलं हाय, अन् पोरगी लाखात एक हाय.

बरं झालं बाई, मालनबाई म्हणाली, अंबड म्हंजी जवळच हाय.

पलीकडं मालक बशीत चहा ओतून राह्यले होते. त्यांचे खांदे हलत होते.