काळ्या घोड्याची न खेळलेली चाल

रविवारी दुपारी चार वाजता डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी चंपत उंचावरून पडून मेला.

मित्रांनो, मी त्या डावाचा पट आहे. आता जुना, कडा झिजलेला. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं लाकडी खोक्यांतून येत. तशाच एका खोक्याच्या फळीवर कवडूनं डांबरानं काळी घरं रंगवली आणि माझा जन्म झाला. कवडू आणि चंपत भंडाऱ्याकडचे, एकाच गावचे. दोघं उंच तुळयांवर समोरासमोर बसून बोल्ट आवळत. एकानं आवळलं की दुसऱ्यानंही तेवढंच आवळायचं, नाहीतर तुळई कलते.

खुर्सीपारच्या मजूरवस्तीतल्या बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटचा डाव याच दोघांचा आला. मुकादम केवलराम यांनी सांगून ठेवलं होतं, जिंकेल त्याला स्टोअरमध्ये, जमिनीवरचं काम. बरोबरी झाली तर सोमवारी संध्याकाळी पुन्हा डाव.

कवडूनं राजापुढचं प्यादं सरकवलं, चंपतनंही. कवडूचा घोडा निघाला, चंपतचाही. मग दोघांचे उंट.

"कावून बे, माहीच नक्कल करून राहिला?"

"वर काय वेगळं करतो गा? तू आवळला का मी आवळतो."

लोक हसले. पुढं कवडू चुकला. त्याचे राजा आणि वजीर अशा घरांत आले, की चंपतच्या काळ्या घोड्याची एक उडी दोघांना धरणार होती; वजीर गेला असता, डावही. चंपतचं बोट घोड्यापाशी थबकलं, टेकलं नाही.

"बरोबरी करतो का?" तो म्हणाला. "उद्या पाहू."

कवडूनं हात पुढं केला.

सोमवारचा डाव झालाच नाही. स्टोअरची जागा कवडूला मिळाली.

त्यानंतर कवडू कुणाशी खेळला नाही. ड्युटीवरून आला की मला पुसायचा, तीच मांडणी मांडायचा आणि बघत बसायचा.

"जेवून घ्या," त्याची बायको कांता म्हणायची. "तो का उठून येनार हाय?"

"त्याले हा घोडा दिसला होता का नाही, एवढंच सांग."

"मले काय इचारता? मले घोडा कोनता, उंट कोनता, थे बी समजत नाही."

मित्रांनो, खेळ संपला की सोंगट्या डबीत ठेवत जा, पटाला ओल लागू देऊ नका. माझ्या सोंगट्या डबीत गेल्या नाहीत. कवडू वारला, तेव्हा त्या माझ्यावर मांडलेल्याच होत्या. कांतानं मला तसंच उचलून फळीवर ठेवलं. धूळ झटकताना ती एकही सोंगटी हलू देत नाही. काळा घोडा अजून त्याच घरात आहे.